वसुलीवाला घरातले काय नेऊ शकतो?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास असे विषय होतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला कर्जवसुली आणि जप्ती हा विषय दिला, तेव्हा आमच्या घरातच विचारणा झाली, "गणपतीपुढे हे कशाला?" पण हुबळी-धारवाडमध्ये आज जी विघ्ने घरोघर दार वाजवत येतात, त्यांत हे एक मोठे आहे, आणि त्याबद्दल आपण चारचौघांत बोलत नाही. म्हणून हा विषय आम्ही आनंदाने घेतला.

सुरुवातीलाच सांगतो, आम्ही वकील नव्हे. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि बरीच वर्षे पगारपत्रकाच्या टेबलावर काढली. या टेबलावर कोर्टाचे पगारजप्तीचे हुकूम येतात. कोणाचा किती पगार कापायचा आणि किती कापता येत नाही, हे पुस्तक उघडून बघावे लागते. तिथून या विषयाची गोडी लागली. ओळखीची माणसेही मग कागद घेऊन यायला लागली. त्यांतून जे कळले ते सांगतो.

सावकार आणि जप्ती हा आपल्या लोकांचा जुना विषय आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, आणि तो पुणे-नगरच्या गावांत पसरला. लोकांचा रोख खते आणि कर्जरोखे यांच्यावर होता. ते कागद ताब्यात घेऊन जाळले, कारण त्या कागदाच्या जोरावर कोर्टातून जमीन जात होती. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्या भागानेही यावर स्वतःचा उपाय काढला. गदगजवळचे कणगिनहाळ हे गाव तेव्हा मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात होते. तिथे १९०५ साली सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था उभी केली. देशातल्या पहिल्या सहकारी पतसंस्थांत तिचे नाव घेतात. सावकाराच्या दारी जावे लागू नये, एवढाच तिचा हेतू होता.

आणि २०२५ चे बघा. जानेवारी महिन्यात आपल्या शेजारच्या हावेरी जिल्ह्यातल्या बायकांनी मायक्रोफायनान्सच्या वसुलीला कंटाळून "आमचे मांगल्य वाचवा" म्हणून मुख्यमंत्र्यांकडे मंगळसूत्रे पाठवण्याची मोहीम काढली. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्य सरकारने जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला आणि नंतर विधिमंडळात त्याचा कायदा झाला. त्याबद्दल पुढे बोलूच. पण त्या मंगळसूत्रांच्या बातम्या वाचताना आमच्या मनात आले की, मंगळसूत्र तर प्रत्यक्ष दिवाणी कोर्टालासुद्धा जप्त करता येत नाही. १९०८ पासून तसे कायद्यात लिहिलेले आहे. ते त्या बायकांना कोणी सांगितलेच नसेल का?

म्हणून आजचा पहिला मुद्दा असा, की दारात कोण आला आहे ते आधी ओळखा. कर्जाच्या कारणाने दारात तीन प्रकारची माणसे येतात.

पहिला, वसुली एजंट. तो फायनान्स कंपनीचा नोकर असेल किंवा कंत्राटावरचा असेल. दुसरा, कोर्टाचा बेलीफ, ज्याला इथले लोक अमीन म्हणतात. तिसरा, बँकेचा अधिकृत अधिकारी, जो गहाण घराचा ताबा घ्यायला येतो. तिघांचे अधिकार वेगवेगळे आहेत, आणि लोकांचा सगळा गोंधळ इथेच होतो. एजंटला लोक अमीन समजून घाबरतात, आणि अमीन आला की त्याला एजंट समजून भांडतात.

एजंटचा अधिकार किती? मागण्याचा. पैसे मागावेत, पावती द्यावी, निघून जावे. आपल्या घरातली एक वाटीसुद्धा उचलण्याचा त्याला अधिकार नाही. टीव्ही, सिलिंडर, शिवणयंत्र, सायकल, काहीही नाही. पैसे येणे आहेत हे खरे असले तरीही नाही. येणे वसूल करण्यासाठी दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय उचलून नेली तर ती चोरी ठरते, असे आपल्या न्यायालयांनी इंग्रज अमदानीपासून सांगितले आहे. धमकी देऊन "तुम्हीच आणून द्या" म्हटले तर ती खंडणी. घरात घुसला तर गृहअतिक्रमण. जुन्या दंडसंहितेत हे गुन्हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहेत.

आमच्या माहितीतल्या एका घरातून, नाव आणि गल्ली सांगत नाही, अशाच वसुलीवाल्यांनी वहिनींचे शिवणयंत्र रिक्षात घालून नेले. दोन हप्ते थकले होते. मशीन गेल्यावर तिसरा हप्ता कुठून देणार? शेजारच्या मुलाने कन्नडमध्ये चार ओळींचा अर्ज लिहून दिला, तो पोलीस ठाण्यात दिला आणि पोच घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन परत आले. कर्ज माफ झाले नाही, व्हायलाही नको होते. पण मशीन आले म्हणून ते फिटले.

मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम तर फार स्पष्ट आहेत. घराचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल त्यांना दिलेले हे कर्ज विनातारण असते. म्हणजे दागिना, कागदपत्र, वस्तू काहीही तारण घ्यायचे नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुली ठरलेल्या जागी करायची. कर्जदार लागोपाठ दोन वेळा तिथे आला नाही, तरच घरी यायचे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. नातेवाईक, मित्र, ऑफिसातले सहकारी यांना त्रास द्यायचा नाही. कर्जदाराचे नाव जाहीर करायचे नाही. इतर कर्जांच्या वसुली एजंटांना फोनची वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७ अशी आहे. गटातल्या इतर बायकांना दारात बसवून "तिचे पैसे येईपर्यंत उठायचे नाही" असा जो प्रकार चालतो, त्याला कुठल्याही नियमात जागा नाही.

मोबाईलवरच्या कर्जाच्या अॅपचेही तसेच. नियमाप्रमाणे अॅपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो बघता येत नाहीत. तुमचे फोटो विद्रूप करून नातेवाइकांना पाठवले, तर १९३० या सायबर क्रमांकावर कळवा. त्यात लाज वाटण्यासारखे तुमचे काही नाही.

आता दुसरा माणूस, कोर्टाचा अमीन. हा आला तर त्याला अडवू नका. पण तो येण्याआधी बरेच काही घडलेले असते. सावकाराने किंवा बँकेने दावा लावलेला असतो, तुम्हाला समन्स आलेले असते, हुकूमनामा झालेला असतो आणि मग दरखास्त दाखल झालेली असते. आपले लोक काय करतात, समन्स आले की पोस्टमनला "घरी नाहीत" सांगतात. त्याने काही टळत नाही. दावा एकतर्फी होतो, आणि तो हुकूमनामा १२ वर्षे वसुलीला चालतो. समन्स घ्या, तारखेला हजर राहा, हप्ते बांधून मागा. बहुतेक वेळा कोर्ट ऐकते.

अमीन सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरू शकत नाही. त्याच्याकडे वॉरंट असते, ते वाचायला मागा. जप्त केलेल्या वस्तूंची यादी होते.

आणि कोर्टाचे हुकूम असले तरी त्याचा हात कुठे थांबतो, ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात दिले आहे. हे कलम प्रत्येक घरात माहीत असावे असे आम्हाला वाटते. जप्त करता येत नाही ते असे:

कर्जदार, त्याची बायको आणि मुले यांचे अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्री जे दागिने अंगावेगळे करत नाही ते, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारे. शेतकऱ्याची अवजारे, पोटापुरती लागणारी गुरे, बियाणे, आणि तो स्वतः राहतो ते घर व गोठा. मजुराची आणि घरकामगाराची मजुरी. भविष्यनिर्वाह निधी, सरकारी पेन्शन व ग्रॅच्युइटी, विम्याच्या पॉलिसीचे पैसे.

यादीचा अर्थ समजून घ्या. माणूस शिजवून खाईल, झोपेल, अंग झाकेल आणि उद्या कामाला जाईल, एवढे त्याच्याकडे राहिलेच पाहिजे. शिंप्याची कात्री, सोनाराची हातोडी, सुताराचा रंधा नेला तर कर्ज फेडणार कोण? कायदा करणाऱ्यांना हे कळत होते. शिवाय "या कलमाचा फायदा मी सोडून देतो" असे तुमच्याकडून कोणी लिहून घेतले, तरी तो करार रद्दबातल, असेही त्याच कलमात आहे.

मात्र यादीत काय नाही तेही ऐका. टीव्ही, फ्रिज, दुचाकी, बांगड्या, पाटल्या, बँकेतली ठेव ही जप्त होऊ शकतात. शहरातले राहते घरही होऊ शकते. शेतकऱ्याच्या घराला जे संरक्षण आहे ते विद्यानगरच्या बंगल्याला नाही.

पगाराचे आमच्या टेबलावरचे गणित सांगतो. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. म्हणजे जप्तीच्या हिशेबाला धरायचा पगार ४०,००० असेल, तर ३९,००० चा तिसरा हिस्सा, १३,००० कापता येतो, २७,००० हातात राहतात. एकाच हुकूमनाम्यासाठी असे एकूण २४ महिने कापले गेले, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. हे कर्मचाऱ्यांना माहीत नसते, आणि काही ठिकाणी ऑफिसलाही नसते. पंचविसाव्या महिन्यालाही कपात चालू असेल तर अर्ज करा. पोटगीचा हुकूम असेल तर हिशेब वेगळा आणि कपात जास्त. सोसायटीला पगारातून कापून घ्या असे तुम्हीच लिहून दिले असेल, तर ती जप्ती नव्हे, तो तुमचा करार आहे.

इथे जामिनाबद्दल एक शब्द. आपल्यात "सही कर रे, नुसती नावाला" अशी पद्धत आहे. नावाला जामीन असा प्रकारच नसतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मूळ कर्जदाराला सोडून आधी जामीनदाराच्या पगारावर यायला कोणाची हरकत नसते. आमच्याकडे येणाऱ्या जप्तीच्या हुकुमांत निम्मे तरी जामीनदारांचे असतात, आणि त्यातल्या अनेकांना कर्ज थकल्याचेच हुकूम आल्यावर कळते.

कर्जासाठी तुरुंगात टाकतील ही भीतीही घालतात. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. पुरुषालाही, ऐपत असून मुद्दाम देत नाही असे दिसले तरच. गरिबीमुळे देणे राहिले म्हणून तुरुंगात घालता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले आहे. पण चेकचे तसे नाही. तुमचा चेक परत गेला, नोटीस आली आणि १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तो फौजदारी मामला होतो, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून मीटर बड्डीवाले कोरे चेक सही करून घेतात. कोरा चेक आणि कोरा बाँड कोणाला देऊ नका, सख्ख्या मेहुण्याला सुद्धा.

आता तिसरा माणूस. आतापर्यंत सांगितलेले सगळे संरक्षण जिथे संपते ते ठिकाण म्हणजे तुमची स्वतःची सही. जी वस्तू तुम्ही स्वतः तारण दिली तिला ६० वे कलम वाचवत नाही. मंगळसूत्र कोर्ट काढून घेणार नाही. पण तेच तुम्ही सोनेतारण कर्जाला ठेवले तर त्याचा लिलाव होऊ शकतो.

घर गहाण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँकेला दिवाणी दावा न लावता ताबा घेता येतो. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तसा निकाल दिला. पण त्यालाही पायऱ्या आहेत. आधी ६० दिवसांची लेखी नोटीस. तिला तुम्ही हरकत घेतली तर बँकेने कारणासह उत्तर द्यायचे. मग ताबा, आणि जबरीने घ्यायचा तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून हुकूम आणून. त्यावर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. एक लाखाच्या आतले येणे असेल, किंवा मुद्दल-व्याज मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी राहिले असेल, तर हा कायदा वापरता येत नाही. लिलावात येण्यापेक्षा जास्त पैसे आले तर ते तुमचे.

२०२५ च्या जानेवारीत बेळगाव जिल्ह्यात गृहकर्ज थकले म्हणून घराला कुलूप लागले आणि बाळंतीण तान्ह्या बाळासह बाहेर राहिली, हे आपण वाचले. तिथे कोर्टाचा हुकूम होता. पहिल्या ६० दिवसांची किंमत किती आहे ते यावरून कळावे. नोटीस आली की त्याच आठवड्यात बँकेत जा.

सोन्याचे नियम रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नव्याने जाहीर केले, आणि ते लागू करायला सगळ्यांना १ एप्रिल २०२६ पर्यंत मुदत दिली. लिलावाआधी कर्जदाराला पुरेशी नोटीस, सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांखाली राखीव किंमत नाही, उरलेले पैसे ७ कामाच्या दिवसांत परत. कर्ज फिटल्यावर सोने द्यायला संस्थेकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. घराची मूळ कागदपत्रे कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत, तिथेही उशिराला दिवसाला ५,०००.

गाडीचे कर्ज असेल तर करारात गाडी ताब्यात घेण्याचे कलम बहुधा असते. पण त्याचीही नोटीस, पद्धत आणि विकण्याआधी शेवटची संधी करारात लिहिलेली असावी लागते. रस्त्यात चार दांडगे आडवे घालून किल्ली हिसकावणे बेकायदेशीर आहे. बँकांनी गुंड ठेवू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बजावले आहे.

घरोघरी विचारला जाणारा आणखी एक प्रश्न. "वडील वारले, त्यांचे कर्ज आमच्यावर येते का?" वारसाला वडिलांकडून जे मिळाले तेवढ्यापुरतेच. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या घरातून नाही. पूर्वी बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य म्हणून कोर्टही मानत असे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना ते राहिले नाही. तसेच नवऱ्याच्या कर्जासाठी बायकोचे स्त्रीधन आणि मुलाच्या कर्जासाठी आईची वस्तू जप्त होत नाही. चुकून झाली तर कोर्टात हक्काचा अर्ज देता येतो. माहेरच्या दागिन्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात, त्या इथे उपयोगी पडतात.

आता राज्याच्या नव्या कायद्याबद्दल. विनानोंदणी, विनापरवाना सावकारी आणि जबरदस्तीची वसुली हा त्याचा रोख आहे. छोट्या कर्जासाठी तारण घेण्यास मनाई आहे, आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत तुरुंग व ५ लाखांपर्यंत दंड अशी आहे. तक्रार नोंदवायला पोलिसांनी नकार द्यायचा नाही असेही त्यात आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या संस्थांना त्या बँकेचे नियम आहेतच.

प्रत्यक्ष दारात माणूस आला तर काय करावे, ते थोडक्यात. ओळखपत्र आणि कंपनीचे पत्र मागा. तारीख, वेळ, नाव वहीत लिहा. जमल्यास मोबाईलवर चित्रण करा. रोख दिले तर पावती घ्या. वस्तू नेऊ लागला तर अडवताना मारामारी करू नका, ११२ ला फोन करा आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्या. संस्थेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीचा क्रमांक १४४४८. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, क्रमांक १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो. इतकी वर्षे हा कायदा आहे, पण आपल्या समाजातल्या फार थोड्या बायका तिथे गेलेल्या आम्ही पाहिल्या.

कोणी म्हणेल, हे सगळे सांगून आम्ही लोकांना कर्ज बुडवायला शिकवतो. तसे नाही. घेतलेले पैसे परत द्यायचेच. हप्ता चुकणार असे दिसले की चुकण्याआधी बँकेत जाऊन सांगावे, मुदत वाढवून मागावी. आमचे म्हणणे एवढेच की, देणे हे देणे आहे, गुन्हा नाही. वसुलीवाल्याचा खरा जोर कायद्यात नसतो. "आवाज वाढला तर शेजारी ऐकतील" या आपल्या भीतीवर त्याचा धंदा चालतो. लोक शेजाऱ्यांना कळू नये म्हणून भांडी-कुंडी देतात, दागिना काढून देतात, आणि एक कर्ज झाकायला मीटर बड्डीचे दुसरे काढतात.

म्हणून मंडळाला एक विनंती. आपल्या मंडळात वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी आहेत, कन्नडमध्ये चांगला अर्ज लिहिणारी तरुण मुले आहेत. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दोन तास यातली दोघे-तिघे मंडळाच्या खोलीत बसली, आणि ज्याला नोटीस आली आहे त्याने ती घेऊन यावी असे जाहीर केले, तर त्याला खर्च काही नाही. नोटीस वाचून दाखवणे, मुदत कधी संपते ते सांगणे, अर्ज लिहून देणे, एवढेच काम. आलेल्याचे नाव बाहेर जाणार नाही एवढी शपथ मात्र बसणाऱ्यांनी बाप्पापुढे घ्यावी. आम्ही पहिल्या रविवारपासून यायला तयार आहोत.

 गणपती बाप्पा मोरया!